अधिक-उणे 420

(पुण्यात होऊ घातलेल्या आई-बाबांसमोर एका सोनोलॉजिस्टने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये एक ओळ असते : अंदाजे वजन 2800 ग्रॅम, अधिक-उणे 420. घरी फोन जातो तो मात्र ‘दोन किलो आठशे’ एवढाच. मग सासूबाई म्हणतात, कमीच आहे की! आणि दुसऱ्या दिवसापासून डिंकाचे लाडू सुरू.

त्या 420 कडे जरा बघा. बाळ 2380 ग्रॅमचं असू शकतं, तसंच 3220 चंही. अडीच किलोच्या आतलं, म्हणजे कमी वजनाचं बाळ आणि चांगलं सव्वातीन किलोच्या घरातलं बाळ, दोन्ही एकाच रिपोर्टात बसतात.

कारण आम्ही वजन करतच नाही. डोक्याची रुंदी आणि घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजतो; मशीन ती मापं सूत्रात घालतं. हे सूत्र बहुधा हॅडलॉक या अमेरिकी डॉक्टरांचं असतं, 1985 सालचं.

सगळी गोम पोटाच्या घेरात आहे. डोक्याला हाडाची स्पष्ट कड असते, पोटाला नसते. जठर आणि यकृतातली शीर एकाच छेदात दिसेल असा गोल पकडावा लागतो. आईच्या पोटावर फिरवायचा प्रोब जास्त दाबला, की गोलाचा लंबगोल होतो. त्यात दिवस भरत आलेले, पाणी कमी, आणि बाळ कुशीवर वळून बसलेलं. या घेरात एका सेंटीमीटरचा फरक पडला, तरी वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास हलतं. म्हणून सकाळी एका सेंटरला आणि संध्याकाळी दुसऱ्या सेंटरला जाऊन आकडे ताडून पाहणाऱ्यांना माझा नमस्कार!

पण याच घेराला आम्ही जपतो. बाळाला वारेतून पोषण कमी पडू लागलं, की यकृतातला साठा आटतो आणि पोट आधी मागे पडतं, डोकं बराच काळ वाढत राहतं. आईला मधुमेह असेल तर उलट, पोटच पुढे धावतं.

आपल्याकडची आणखी एक गंमत पुण्यातच कळली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळं मोजली. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं 3.5. स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकलेली. वजन वाढवायचं म्हणून तूप-साखर चारणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं. सूत्राला तर चरबी आणि स्नायू यांतला फरक कळतच नाही.

‘बाळ मोठं आहे, सिझर करावं का?’ हे तर रोजचं. अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांची संघटना निव्वळ वजनासाठी सिझरचा विचार करा म्हणते, तो अंदाज 5 किलोला पोचला तर. आईला मधुमेह असेल तर साडेचारला. साडेतीनच्या आकड्याने घाबरू नका. बाळ लहान वाटलं, तर मात्र डॉप्लरमध्ये नाळेतला रक्तप्रवाह बघतो आणि वाढीचा वेग तपासतो.

वेगासाठी दोन मापांत निदान पंधरा दिवस हवेत. शेवटच्या महिन्यांत बाळ आठवड्याला साधारण दोनशे ग्रॅम वाढतं. चार दिवसांची वाढ मोजण्यातल्या चुकीत बुडून जाते. आणि येताना पहिल्या तीन महिन्यांतला रिपोर्ट आणा, तारखा त्यावरूनच पक्क्या होतात. तो घरी कपाटात ठेवून आलात, तर छत्तीस आठवड्यांचं सुदृढ बाळ आम्हाला अडतिसाव्या आठवड्याचं खुरटलेलं वाटू शकतं.