हात काढला की निघाला?

नमस्कार, श्रोतेहो.

प्रतिक्षिप्त क्रिया. शाळेत आपण सगळ्यांनी हे घोकलंय. गरम वस्तूला हात लागला की हात झटकन मागे येतो, डोळ्यापुढे काही आलं की पापणी मिटते. दोन मार्कांचं उत्तर लिहिलं की धडा संपला. पण त्या उत्तरात निम्मीच गोष्ट असते. राहिलेली निम्मी आज सांगणार आहे.

आधी शाळेतली निम्मी, भरभर. बोटाच्या कातडीत चेतातंतूंची टोकं असतात. चटका बसला की तिथून निरोप निघतो तो मेरुरज्जूत, म्हणजे पाठीच्या कण्यातून खाली उतरलेल्या त्या दोरात, जाऊन पोचतो. निर्णय तिथेच होतो. हुकूम आल्या पावली दंडाच्या स्नायूंकडे सुटतो आणि कोपर वाकतं. सोसायटीची टाकी भरून वाहायला लागली तर वॉचमन सेक्रेटरीला फोन लावत बसतो का? तो पंप बंद करतो आणि मग वर कळवतो. तसंच हे. मेंदूला कळतं, पण मागाहून. परत सांगतो, कारण हे पुढे लागणार आहे: आधी हात मागे येतो, कळ नंतर जाणवते.

आणि कळही एकदम येत नाही, दोनदा येते. आधी टोचल्यासारखी तीव्र, मग मागून रेंगाळत येणारी जळजळ. कारण वेदनेचे तंतू दोन जातींचे. जलद तंतूंतून निरोप सेकंदाला 5 ते 30 मीटर धावतो, संथ तंतूंतून जेमतेम एखादा मीटर. बोटापासून मानेपर्यंतचं अंतर धरा, म्हणजे जळजळ उशिरा का येते ते कळेल.

आता गोष्ट. ही मी पूर्वी ज्यांना सांगितली आहे त्यांनी क्षमा करावी, पण मला ती सांगायला आवडते.

नौपाड्यात आमची दुमजली इमारत होती. आता तिथे टॉवर आहे आणि टॉवरच्या गच्चीला कुलूप आहे. गच्चीला कुलूप लावणाऱ्या सोसायट्यांबद्दल माझं मत रेडिओवर सांगण्यासारखं नाही, तेव्हा ते असो. आमच्या गच्चीवर कोजागिरी व्हायची. दूध मात्र खाली शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात आटायचं, कल्हईच्या मोठ्या पितळी पातेल्यात. बदाम, पिस्ते, वेलदोडा, जायफळ, आणि केशर काकू स्वतःच्या हाताने खलायच्या. हल्ली पाकिटातला मसाला टाकून जे करतात त्याला पिवळं दूध म्हणावं, मसाला दूध म्हणू नये.

तर पातेलं दोन्ही हातांनी, दोन फडक्यांत धरून काकू जिना चढत होत्या. जिना अरुंद, दिवा मिणमिणता, आणि मागे आम्हा पोरांची रांग. मी त्या रांगेत पहिला, हातात पेल्यांचं ताट. मला समोर काकूंची पाठ दिसत होती आणि उजव्या हाताखालून लोंबणारं फडकं. ते फडकं सरकायला लागलं. काकूंनाही ते दिसलं. त्या म्हणाल्या, "पोरांनो, मागे व्हा." आवाज अगदी साधा. फडकं पडलं ते माझ्या ताटात. उघड्या बोटांनी पितळेचा काठ धरून बाई उरलेल्या पायऱ्या चढली. वरच्या चौकात पातेलं टेकवलं, दुधाचा थेंब सांडला नाही, आणि मग त्या ओरडल्या. असा आवाज त्यांचा आम्ही कधी ऐकला नव्हता.

तोवर वरून काका आले. काय झालं बघायला वाकले आणि अंधारात हात नेमका त्याच काठाला लागला. हात असा उडाला की शेजारी ठेवलेला डाव खणखणत जिन्यावरून थेट खाली. 'आई गं' त्यानंतर. काका फुशारकीने म्हणाले, "पटकन काढला म्हणून वाचलो!" तळमजल्यावरचे डॉक्टर वर आले होते. ते म्हणाले, "तुम्ही नाही काढलात, तो निघाला. धरून ठेवला तो वहिनींनी."

एवढ्यात कुणीतरी काकूंच्या बोटांना फासायला टूथपेस्ट घेऊन धावत आलं. डॉक्टरांनी त्याला पिटाळलं आणि काकूंचा हात नळाखाली धरला. तुम्हीही तेच करा. भाजलं की वाहतं गार पाणी, 20 मिनिटं. टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फही नको.

आता बघा. पातेलं एकच, काठ तोच, हात दोन. काकांचा उडाला, काकूंचा टिकला. का? काकू जास्त सोशिक म्हणून? बायका सोसतात हे उत्तर फार लवकर सुचतं आणि त्यात बाकी सगळं झाकलं जातं. खरं कारण, काकूंना आधी दिसलं होतं. फडकं सरकतंय, मागे पोरं आहेत, सोडायचं नाही, हा मेंदूचा हुकूम चटक्याच्या आधीच निघाला होता. मेंदूपासून मेरुरज्जूपर्यंत उतरणारे तंतू असतात, ते हात मागे खेचायला लावणाऱ्या चेतापेशींना थोपवतात. काकांच्या मेंदूला आगाऊ खबरच नव्हती. आगाऊ खबर असेल तर मेंदू थोपवू शकतो, नसेल तर मेरुरज्जू आपलं काम उरकून मोकळा होतो.

हे थोपवणं चेतासंस्थेत जागोजागी चालू असतं. कोपर वाकवणारा स्नायू आवळला की सरळ करणाऱ्याला ढिलं सोडावं लागतं, नाहीतर हात जागेवर अडकेल. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने हे अनेक वर्षं अभ्यासलं. 1932 साली एड्रियन या दुसऱ्या इंग्रज शास्त्रज्ञासोबत नोबेल मिळालं, तेव्हा व्याख्यानाला त्यांनी विषयही हाच घेतला: थोपवण्याचा.

गुडघ्याखाली हातोडी मारून पाय उडतो का ते डॉक्टर बघतात. 1875 साली एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी वेगवेगळं हे नोंदवलं. तिथेही पाय फारच उडत असेल तर डॉक्टर थांबून विचार करतात, कारण वरून येणारं थोपवणं कमी पडत असू शकतं. अजिबात उडत नसेल आणि पेशंट फार ताठून बसला असेल, तर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगतात. लक्ष तिकडे गेलं की इकडे पाय उडतो. हातोडी आणि दोन मिनिटं एवढाच खर्च, तरी हल्ली कागदावर आधी एमआरआय उमटतो.

आता ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांच्यासाठी. ही सगळी साखळी बोटातून किंवा पायातून निरोप निघाला तरच चालते. जुन्या मधुमेहात पायांचे चेतातंतू बधिर होऊ शकतात. मग चटका बसतो आणि पाय मागे येत नाही, कळही येत नाही. मे महिन्यात देवळाच्या फरशीवर अनवाणी फिरून तळव्याला फोड येतो आणि तो संध्याकाळी पाय धुताना दिसतो. तेव्हा पाय शेकायला गरम पाण्याची बादली घ्याल तर पाणी पायाने अजमावू नका. घरातल्या दुसऱ्या कुणाला कोपर बुडवून बघायला सांगा. रोज रात्री तळवे उजेडात बघा, वाकता येत नसेल तर खाली आरसा धरा.

नमस्कार.