काळ्या रानातला स्फुरद

(सोलापुरात शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, हे ढेकूळ आपल्याच भागातल्या काळ्या रानातलं आहे. यावर सौम्य आम्लाचे चार थेंब टाकतो. बघा, कसं फसफसलं! ही चुनखडी. आपण महागामोलाचा स्फुरद, म्हणजे खतातला फॉस्फरस, घालतो आणि ही चुनखडी त्याला धरून बसते. घातलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकाच्या हाती साधारण १५ ते २० टक्केच लागतो. बाकीचा कुठं पळत नाही, रानातच अडकतो. म्हणून पुढचं पोतं फोडण्याआधी माती तपासून घ्या, असं मी कळकळीनं सांगतो.

नत्र हवेतून घेता येतं, कारखान्यातही आणि तुरीच्या मुळावरच्या गाठीतही. स्फुरद हवेत नाहीच. १६६९ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये हेनिग ब्रांट सोनं मिळेल या आशेनं माणसाचं मूत्र आटवत बसला होता. सोनं निघालं नाही; अंधारात हिरवट उजेड देणारा पदार्थ हाती आला, तो हा स्फुरद. पुढं शंभर वर्षांनी तो हाडांत सापडला. १८४२ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन लॉज यांनी गंधकाम्ल वापरून सुपर फॉस्फेट हे स्फुरदाचं खत करण्याचं पेटंट घेतलं, आणि मग जग स्फुरदाच्या दगडामागं लागलं. पॅसिफिकमधल्या नाऊरू बेटाचा मधला भाग यापायी खणून खणून उजाड झाला. आज जगातल्या साठ्यांपैकी जवळपास ७० टक्के मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहेत. आपल्याकडं उदयपूरजवळ झामरकोटड्याची खाण आहे, पण देशाची गरज मुख्यतः आयातीवरच भागते.

डीएपी, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट खताच्या ५० किलोच्या पोत्यावर १८:४६ लिहिलेलं असतं. १८ टक्के नत्राचे, आणि ते ४६ टक्के स्फुरदाच्या ऑक्साइडचे. निव्वळ स्फुरद मोजला तर पोत्यात १० किलो. एवढा लांबून आलेला माल आपण रानावर फोकून देतो! स्फुरद मातीत जेमतेम सरकतो. वर पडला की वरच राहतो, मुळं खाली.

आमच्या घरी ज्वारी दोन चाड्यांच्या, म्हणजे बी-खत सोडायच्या दोन नरसाळ्यांच्या, पाभरीनं पेरायचे. बियाण्याच्या चाड्यावर आत्याची मूठ, खताच्या चाड्यावर आईची. आईची मूठ जरा सैल झाली की वडील बैल थांबवायचे. खत बियाण्याजवळ, ओलीत पडलं पाहिजे, हे त्यांना कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. पेरणी यंत्रानं करा, पण खताचा वेगळा कप्पा असलेलं यंत्र घ्या. सोबत स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची बीजप्रक्रिया करा. डाळिंबवाल्यांनी तर जास्तच जपावं. स्फुरद वाढला की झाडाला जस्त मिळेनासं होतं, पानं पिवळी पडतात, आणि आपण पुन्हा दुकान गाठतो.

धनगरांच्या मेंढ्या रानात बसवायची रीत सोडू नका. त्या माळावर, बांधावर चरतात आणि तिथला स्फुरद लेंड्यांतून तुमच्या रानात आणून टाकतात. साखर कारखान्यातली प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसातून निघालेली मळीही कुजवून रानात परतू द्या.

आता उजनी धरणाचं बघा. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पुण्यात जाते, तिथं भाकरी होते. त्या भाकरीतला स्फुरद सांडपाण्याबरोबर मुळा-मुठेतून भीमेला आणि उजनीत उतरतो. त्यावर शेवाळ, जलपर्णी माजते. तेच पाणी आपण पितो. हा स्फुरद पुण्यातच सांडपाण्यातून काढून खत म्हणून परत मिळावा, ही मागणी सोलापूरच्या शेतकऱ्यानं लावून धरायला हवी. पाणी आपलं आहे, आणि तो स्फुरदही आपल्याच रानातून गेलेला आहे.