आधी पानं मोजा, मग कार्यालय बघा

श्रोतेहो, नमस्कार. तुळशीचं लग्न लागलं की पुण्यातल्या कार्यालयांच्या तारखा भराभर जातात. त्या धास्तीनं बहुतेक घरांत कार्यालय आधी ठरतं आणि आमंत्रणांची यादी मागाहून होते. इथेच गणित बिघडतं. तीनशे माणसांसाठी पाचशेंचं कार्यालय घेतलं, की रिकामं दिसू नये म्हणून बोलावणी वाढतात. आणि लग्नाचा खर्च चढतो तो पानांवर.

म्हणून आधी वही काढा. घरटी किती माणसं जेवतील ते लिहा, नुसतं ‘सहकुटुंब’ लिहून सोडू नका. शिवाय एका माणसाचं एकच पान नसतं. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन, सकाळी नाश्ता, दुपारी जेवण. हिशेबापुरते दर धरू: दुपारची 300 पानं 450 रुपयांनी, म्हणजे 1,35,000. सीमांतपूजनाची 120 पानं 350नं, 42,000. नाश्ता 120 जणांचा शंभरानं, 12,000. झाले 1,89,000, कर वेगळा. दुपारची 50 पानं कमी केलीत तर 22,500 वाचतात. पत्रिका साधी छापून एवढे वाचायचे नाहीत.

केटररला यादीतला आकडा सांगू नका. 300 सांगितलेत आणि 240 आले, तरी बिल 300चंच येतं. हमी 250ची द्या. वरच्या पानांचा दर काय आणि जास्तीचा स्वयंपाक किती तयार असेल, हे लिहून घ्या. बुफेत बहुधा ताटल्या मोजतात, माणसं नव्हे. मठ्ठा सांडला म्हणून कुणी ताटली बदलली, की झाली दोन पानं. जेवणाआधी कोऱ्या ताटल्या घरच्या माणसासमोर मोजून घ्या, शेवटी उरलेल्या वजा करा. हे काम मुलीच्या वडिलांकडे देऊ नका. ते व्याह्यांच्या मागेपुढेच असणार.

आता बचत. 24 महिन्यांत 6 लाख हवेत, तर महिना 25,000 बाजूला पडले पाहिजेत. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी वळते होतील अशी बँकेची आरडी काढा. पोस्टाची पाच वर्षांची असते, ती या 24 महिन्यांत बसत नाही. साठलेली रक्कम एकाच एफडीत नको. लाख-लाखाच्या ठेवी करा आणि कार्यालय, केटरर, सराफ यांचे पैसे द्यायच्या आधी एकेक सुटेल अशा मुदती ठेवा. शेअर बाजारात हा पैसा नकोच. बाजार वर येईपर्यंत मुहूर्त थांबत नाही.

लक्ष्मी रस्त्यावर सोन्याचा भाव विचारता तशी घडणावळही विचारा. 8 टक्के आणि 14 टक्के यांतला फरक 20 ग्रॅमच्या दागिन्यावर 1.2 ग्रॅम सोन्याएवढा पडतो, वर 3 टक्के जीएसटी.

कार्यालयाच्या करारात सोडायची वेळ आणि विजेचा युनिटमागे दर बघा. ताबा घेताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, दुसरा पाठवणीनंतर, अनामत मागायला जायच्या आधी.