गाय, सर्जन आणि एक रिपोर्ट

नमस्कार मंडळी. आज स्तनाच्या कॅन्सरवर बोलायचंय. पुरुषमंडळींनो, उठून जाऊ नका, दर 200 पेशंटमागे एक-दोन पुरुषही असतात.

पहिली गोष्ट, गाठ दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. परत सांगते, दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. स्तनात किंवा काखेत गाठ, निपल आत ओढलं जाणं, त्यातून रक्त, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणं, यातलं काहीही दिसलं की दाखवून या. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते ठरवणार सोनोग्राफी, मॅमोग्राफी नि बायोप्सी, शेजारीण नाही.

आता माझा लाडका किस्सा. ग्लासगोमध्ये जॉर्ज बीटसन म्हणून एक सर्जन होता. कॅन्सरच्या कितीतरी आधी डॉक्टरकीच्या प्रबंधासाठी गडी पान्ह्याचा अभ्यास करत बसलेला, दूध येतं कसं आणि आटतं कसं. तेव्हा त्याला कळलं की काही देशांत गाय व्याल्यावर तिची ओव्हरी काढून टाकतात, म्हणजे ती लवकर आटत नाही. बीटसनच्या डोक्यात किडा वळवळला, ओव्हरी कुठे पोटात, कास कुठे, मग हिचा हुकूम तिकडे चालतो कसा? पुढे 1895 मध्ये त्याच्याकडे 33 वर्षांची एक बाई आली, दोन लेकरांची आई, स्तन आधीच काढलेला, तरी कॅन्सर परत उलटलेला, आणखी ऑपरेशन करून उपयोग नव्हता. बीटसनने तिच्या छातीला हात न लावता पोटातल्या ओव्हरीज काढल्या. आणि काही महिन्यांत छातीवरच्या गाठी विरत गेल्या! 1896 ला त्याने हे लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापलं, तेव्हा इस्ट्रोजेन, म्हणजे ओव्हरीतून निघणारं हार्मोन, हे नावसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. बाई कायमची बरी झाली नाही, पण काही वर्षं मिळाली तिला.

गंमत म्हणजे हा उपाय काहींनाच लागू पडायचा. का, ते कळायला 1960 चं दशक उजाडलं, सगळ्याच गाठींना इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, म्हणजे इस्ट्रोजेनचा हुकूम घेणारा कान, नसतो. आणि 1962 मध्ये गर्भनिरोधक म्हणून बनवलेलं, त्या कामात साफ नापास झालेलं एक औषध इथे पास झालं, टॅमॉक्सिफेन, ते हाच कान बंद करतं. म्हणून बायोप्सी झाली की ईआर (इस्ट्रोजेनचा रिसेप्टर), पीआर (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचा) आणि हर टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन) पॉझिटिव्ह आलं की निगेटिव्ह ते विचारा, ट्रीटमेंट त्यावरच ठरते. लवकर सापडलं तर पुष्कळदा नुसती गाठ काढून रेडिएशन पुरतं, पूर्ण स्तन काढावा लागतोच असं नाही. (आणि पेशंटला उठसूट 'पॉझिटिव्ह राहा' म्हणणाऱ्यांनो, जरा गप्प बसा, तिला रडायचं असेल तर रडू द्या, पॉझिटिव्ह काय ते रिपोर्टमध्ये बघा.)

कारणं म्हणाल तर बाई असणं आणि वय, ही दोन सगळ्यात मोठी, त्याला काय करणार? घरात बऱ्याच जणींना झाला असेल तर बीआरसीए जीनची टेस्ट विचारा, त्यात बिघाड असला तर हा धोका घराण्यात उतरतो. दारू टाळा, पाळी गेल्यावर वजन आटोक्यात ठेवा, चालत-फिरत राहा, जमेल तितकं बाळाला अंगावर पाजा, याने धोका कमी होतो, शून्य नाही होत. ब्रा घट्ट होती म्हणून झाला वगैरे फॉरवर्ड डिलीट करा.

आणि टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ते पाच ते दहा वर्षं रोज घ्यायचं असतं. अंगातून गरम वाफा निघतात म्हणून बऱ्याच जणी मनानेच बंद करतात. वाफांचं डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय असतो, पण गोळी मनाने सोडू नका. मनाने सोडू नका, बरं का. चला, टाइम झाला, नमस्कार.