एक इकडची, एक तिकडची

गणपती जवळ आले की चाकरमानी निघतो. पनवेल सोडलं की राष्ट्रीय महामार्ग ६६. पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, आणि तेव्हापासून या वाटेवर डायव्हर्जन कुणाला चुकलेलं नाही.

हा झेंडेवाला बघा. तोंडाला टॉवेल, अंगात नारिंगी जॅकेट, एका हातात लाल झेंडा, दुसऱ्यात हिरवा. मागे पोकलेन घरघरतोय, त्यामुळे येणाऱ्या गाडीचा आवाज त्याला नीट ऐकू येत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगातली गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे जवळजवळ दोन एसट्यांची लांबी. दोन सेकंद मोबाइलकडे बघितलं, तर चार एसट्यांएवढा रस्ता न बघताच पार झाला. मध्ये आडोसा फक्त प्लास्टिकच्या शंकूंचा. २०२२च्या उन्हाळ्यात परशुराम घाटात डोंगर कापायचा होता, तेव्हा रोज दुपारी १२ ते ५ वाहतूकच बंद ठेवली होती. सगळीकडे तसं करता येत नाही.

पुढे दोन लेनची एक होते. गाड्या वेगात असतील तर फलक दिसताच आरशात बघा, इंडिकेटर द्या आणि लेन आधीच बदला. रांग लागली असेल तर मात्र घाई नको. दोन्ही लेन भरू द्या, शंकूंपर्यंत या, आणि तिथे एक गाडी इकडची, एक तिकडची. बॅगेच्या चेनचे दात बसतात तसं. जर्मनीत हे वाहतुकीच्या नियमातच लिहिलंय. यात रांगेची लांबी कमी होते, मागचा नाका तुंबत नाही. शेवटपर्यंत आलेल्याला घुसखोर समजून अडवू नका. त्याने मोकळी लेन वापरली, एवढंच.

घुसखोरी ती, जी समोरच्यांच्या लेनमध्ये होते. एक गाडी उजवीकडे निघते, तिच्यामागे दहा. समोरून एसटी येते. तिला मागे जाता येत नाही, यांना पुढे. दोन्ही बाजू ठप्प, आणि मागे कुठेतरी रुग्णवाहिकेचा भोंगा. कुणाचं तरी माणूस आत आहे हो! निदान एवढ्यासाठी तरी आपली लेन सोडू नका.

अंधार पडलाय. अप्पर बंद करा, झेंडेवाल्याच्या डोळ्यांवर येतो. डिपरमध्येही त्याच्या जॅकेटची पट्टी चमकते.

हिरवा झेंडा हलला. पहिली गाडी सुटली. तिच्यामागे शेजारच्या लेनमधल्या एसटीला जागा मिळाली.