चोवीस तासांची बाई

(दृश्य : सावदा-फैजपूर रस्ता. केळीच्या बागा, घडांनी भरलेला ट्रक, पुढे गावातली बंद दारांची गल्ली.)

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात मोठी घरं आणि मोजकी माणसं हे आता जवळपास प्रत्येक गल्लीत दिसतं. मुलगा हिंजवडीला, मुलगी नाशिकला आणि नव्या स्लॅबच्या बंगल्यात पंच्याहत्तरी ओलांडलेली एकटी जिजी. गुडघे गेलेले, शुगर वाढलेली, रात्री दोनदा उठवायला माणूस हवं. मग फोन सुरू होतात : "चोवीस तासांची बाई आहे का कुणी पाहण्यात?"

पुण्या-मुंबईत त्यासाठी ब्युरो असतो. इथं बाई मिळते दवाखान्यातल्या सिस्टरच्या नाहीतर किराणा दुकानदाराच्या ओळखीनं. सगळं जमत आलेलं असतं आणि मग नाव कळतं. "मुसलमान आहे का?"

या प्रश्नापुढे काय काय होतं, ते आम्ही सावद्याजवळच्या एका घरात पाहिलं. जिजींना दाखवा, मला दाखवू नका, ही अट कामावरच्या ताईंची. म्हणून या फिल्ममध्ये त्यांचे फक्त हात दिसतील.

(दृश्य : परातीत पीठ मळणारे हात. मनगटावर काचेच्या चार बांगड्या.)

तसे मुसलमान हात या घराला नवे नाहीत. जिजींच्या लग्नात चुडा भरला तो मणियारानं, त्यांचा हात स्वतःच्या हातात घेऊन. गाद्यांचा कापूस पिंजला तो पिंजाऱ्यानं. त्याच गाद्यांवर या घरची बाळंतपणं झाली. पण मणियार ओसरीपर्यंत यायचा, पिंजारी अंगणापर्यंत. माठ आणि पोळपाट यांच्यापर्यंत कुणी यायचं नाही. चोवीस तासांची बाई पहिल्या दिवशीच तिथं पोचते, कारण तिचं कामच तिथं असतं.

ताई यावल तालुक्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या. तडवी भिल्ल. धर्मानं मुसलमान आणि सरकारी यादीत अनुसूचित जमात. नेसण साडीचं, बोली इथलीच. जिजींच्या मुलाला कुणी सांगितलं, "मुसलमान बाई आहे". सुनेला दुसऱ्यानं सांगितलं, "आदिवासी आहे". दोघं दोन वेगळ्या बायकांबद्दल बोलतोय असं समजून आठवडाभर वाद घालत होते.

जिजींनी मात्र एकच विचारलं. "मले भाकर पातळ लागते. तुले येते का वं?"

"येती जिजी. कळण्याचीबी येती."

उडीद-ज्वारीच्या पिठाची कळण्याची भाकरी हातावर थापायची म्हणजे पोरखेळ नाही. सुनेला ती आजही जमत नाही. नोकरी तिथंच पक्की झाली, असं म्हणायला हरकत नाही.

मुलाची यादी लांब होती. मटण-मच्छी लागेल का? देवघराचं काय? नमाज किती वेळा? ताईंची उत्तरं आखूड होती. घर माळकरी, तेव्हा घरात शिजेल ते खाईन. हलालचा प्रश्न मांसाचा असतो, वरण-बट्टीचा आणि भरताचा नव्हे. देवघर पुसून देईन, पूजा करणार नाही. प्रसाद घ्यायचा की नाही, ते माझ्यावर सोडा.

नंतर ताईंनी विचारायला सुरुवात केली. झोपायचं कुठं? त्या खोलीला आतून कडी आहे का? रात्री किती वेळा उठावं लागेल? महिन्यातून घरी किती दिवस? पगार कोणत्या तारखेला?

यातला एकही प्रश्न धर्माचा नाही. घरात उत्तर मात्र एकाचंही तयार नव्हतं.

(दृश्य : कोठीची खोली. गव्हाची कोठी, पापडांचे डबे, भिंतीला टेकवलेली खाट.)

झोपायला ही खोली. कोठी एका बाजूला सरकवून खाट टाकली. दाराला बाहेरून कडी होती, आतून नव्हती; कोठीला आतून कडी कोण लावतो? सुतार बोलावला. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा राहतं घरसुद्धा कामाचं ठिकाण धरतो आणि घरकामगार बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते. ताईंना या कायद्याचं नाव ठाऊक नाही. त्यांनी कडी मागितली.

चहाचा कप सुरुवातीला वेगळा होता. स्टीलचा, खिडकीत उपडा ठेवलेला. आधीच्या कामवालीलाही तोच कप, आणि ती हिंदू होती. हे कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून आम्ही बोलतो : अशा घरांत कप आधी कामवालीसाठी वेगळा असतो, जातधर्म त्यावर नंतर चिकटतो. तो कप कधी गेला ते कुणाला आठवत नाही. जिजी म्हणतात, "माहा हात थरथरते. तीच पाजते. मंग कप कोनाचा, हे कोन पाहीन?"

नमाजाचा बाऊ मात्र उगीच झाला. पाच वेळा, प्रत्येक वेळी साधारण पाच-दहा मिनिटं. वुजूला, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवायला पाणी, पश्चिमेकडे तोंड करून बसता येईल एवढी स्वच्छ जागा. दुपारच्या नमाजाला भरपूर सवड असते, जिजींची वामकुक्षी लागली की तो होतो. अडचण फक्त मगरिबची. सूर्य बुडल्यावर तिचा वेळ थोडा आणि नेमकी तीच दिवेलागणीची वेळ. जिजींना देवापुढे दिवा लावायला उठायचं असतं, आधाराला माणूस लागतं. तोडगा साधा निघाला : आधी जिजींचा दिवा, मग ताईंचा नमाज, मग इन्सुलिन आणि जेवण.

रमजानची गोष्ट वेगळी. तिथं खरंच नियोजन लागतं. आपण चांद्र वर्षाला अधिक मासाचं ठिगळ लावून सण ऋतूंशी बांधून ठेवतो. हिजरी वर्षात अधिक मास नाही, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०१८ साली तो मे-जूनमध्ये आला होता. जळगाव जिल्ह्यातला मे ज्यानं काढलाय त्याला पाण्याविना रोजा म्हणजे काय ते सांगायला नको. आता तो थंडीकडे सरकतोय. २०३० साली तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल. या घरात रोज्यांच्या महिन्यात जिजींची आंघोळ दुपारऐवजी सकाळी असते, कारण उचलून बसवण्याचं काम सहरीनंतर, म्हणजे पहाटेच्या जेवणानंतर, अंगात ताकद असते तेव्हाच बरं. एकादशीला उपास धरणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागलं नाही.

(दृश्य : ओट्यावर बसलेल्या शेजारणी. आवाज बंद.)

समजावून सांगावं लागलं ते गल्लीला. "तिच्या हातचं खाता?" इथपासून "पोलिसांत कागद दिले का?" इथपर्यंत. कामावरच्या माणसाची आधारची प्रत ठाण्यात देणं चांगलंच. पण ज्या घरांत वर्षानुवर्षं हिंदू बाया राबल्या, त्यांतल्या कितींचे कागद ठाण्यात गेले, हेही विचारायला हवं. आम्ही विचारलं. ओट्यावर विषय बदलला.

आणि जे कागद खरंच हवेत, त्यांची आठवण कुणालाच नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा. १८ ते ६० वयाच्या घरकामगाराची नोंदणी त्यात होते. मालकानं दाखला द्यायचा, नोंदणीचं काम कामगार कार्यालयाचं. या घरानं तो दाखला दिला, तोही सुनेनं मोबाइलवर वाचलं म्हणून. पगार पाच तारखेला बँकेत जातो. मध्यंतरी तीन महिने तो वीस-बावीस तारखेला गेला, तेव्हा ताईंनी पिशवी भरली होती. "आपलीच माणसं आहोत" या वाक्यावर त्या थांबल्या नाहीत. पैसे आल्यावर थांबल्या. आम्हाला विचाराल तर बरोबर केलं.

सुट्ट्यांचा घोळ अजून सुटायचाय. २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षं आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. मुक्ताबाईंच्या पालखीबरोबर गल्लीतल्या निम्म्या बाया पंढरपूरला, नातेवाईक वारीत आणि कामावरची बाई ईदला घरी, असं झालं की जिजींजवळ कोण? २०२६ चं कॅलेंडर आणखी अवघड. १७ मेपासून धोंड्याचा महिना, त्यात लेक-जावई यायचे, आणि त्याच महिन्यात, मेच्या शेवटच्या आठवड्यात, बकरी ईद.

सुनेनं जावयांना फोन लावून तारीख पुढे घ्यायला सांगितली. जावई म्हणाले, रजा मंजूर झाली, तिकिटं काढली. मुलगा म्हणाला, ताईंना तीन दिवस आधीच सोडू, म्हणजे ईद करून त्या लवकर परत येतील. ताई म्हणाल्या, ईद चंद्रावर असते, तुमच्या तिकिटावर नाही. जिजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. धोंड्याचे अनारसे ताईच करणार, पीठ भिजवून ठेवून मग जाणार, आणि तीन दिवस सुनेनं रजा काढायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. सुनेचं उत्तर आम्ही शूटिंग आटोपून निघालो तोवर आलेलं नव्हतं.