हाताची परीक्षा, शिफ्टची परीक्षा

(दृश्य : टेबलावर धातूची पाटी. तिच्यात मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने भोकं.)

पहिल्या भोकात करंगळी जाईल, शेवटच्यात दाभण जेमतेम. हातात बारीक सळई धरायची, एकेका भोकात घालायची आणि कडेला लागू द्यायची नाही. लागली की बझर वाजतो, आकडा एकाने वाढतो. हाताची स्थिरता मोजायचं हे जुनं यंत्र. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ओळखीचं. चौथ्या भोकापर्यंत माणूस खुशीत असतो. सातव्याला आपला हात आपला वाटत नाही.

पुण्यात मानसशास्त्रीय चाचणी म्हटलं की डोळ्यांसमोर येतो दहावीचा मुलगा, शेजारी काळजीत बसलेले आईवडील, आणि सायन्स की कॉमर्स हा प्रश्न. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, तेव्हापासून पेठांमधल्या घरांना ‘चाचणी’ हा शब्द परका नाही. आपण मात्र नद्या ओलांडून भोसरीला जाणार आहोत.

(दृश्य : एमआयडीसीतलं प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून भाग काढायची जागा. रॅमचा, म्हणजे वरून आदळणाऱ्या ठोकळ्याचा आवाज.)

पत्रा डायवर, म्हणजे साच्यावर, ठेवायचा, पेडल दाबायचं, रॅम खाली, पीस बाहेर. पुन्हा पत्रा. एका शिफ्टमध्ये हे हजारो वेळा. प्रेसला संरक्षण नीट बसवलं असेल तर दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय रॅम हलत नाही. पुढे प्रकाशाचा पडदा असतो, त्यात हात आला की मशीन थांबते. पण त्यात वेळ जातो, पीस कमी निघतात. मग कुणीतरी सेन्सर बायपास करतं. आणि एखाद्या दिवशी शॉपमध्ये दोनच शब्द ऐकू येतात : ‘बोट गेलं.’

कुणाचं जाणार, हे आधी ओळखता येईल का?

प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. हार्वर्डचे ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी बॉस्टनच्या ट्रामचालकांसाठी एक चाचणी बनवली होती. १९१३ साली त्यांच्या पुस्तकात ती आली. पट्टीवर रूळ, आजूबाजूच्या चौकोनांत आकडे. १ म्हणजे पायी माणूस, २ म्हणजे घोडा, ३ म्हणजे मोटार. यातलं कोण रुळावर येणार, ते पट्टी सरकत असताना झटपट सांगायचं. लक्ष्मी रोडवर स्कूटर चालवणारा पुणेकर ही परीक्षा रोज देतो, गुण तेवढे कुणी देत नाही.

आपल्याकडे रेल्वेने ही वाट धरली. सहायक लोको पायलटच्या भरतीत स्मरणशक्ती, एकाग्रता, अंतराचा अंदाज अशा वेगवेगळ्या चाचण्या संगणकावर घेतात. प्रत्येकीत किमान ४२ टी-स्कोअर (सरासरीला ५० धरून काढलेले गुण) लागतो. एकीत जास्त मिळवून दुसरीतली तूट भरून निघत नाही. गाडी हाकणाऱ्या माणसासाठी हा नियम मला रास्त वाटतो.

गडबड पुढे होते.

(दृश्य : जमिनीवर खडूने आखलेली शंभर घरं. वरून ज्वारीचे दाणे पडतात.)

१९१९ साली ब्रिटनमध्ये ग्रीनवुड आणि वुड्स यांनी दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या बायकांचे अपघात मोजले. थोड्याच जणींच्या नावावर बरेचसे अपघात निघाले. त्यातून पुढे ‘अपघातप्रवण कामगार’ ही कल्पना आली, आणि मालकांना ती फार आवडली. अशी माणसं हुडकायची, काढून टाकायची, झालं!

आता हे दाणे पाहा. शंभर दाणे, शंभर घरं, डोळे मिटून टाकलेले. हिशेबाने साधारण ३७ घरं रिकामी राहतात. आणि २६ घरांत मिळून ६३ दाणे पडतात. त्या २६ घरांचा काय दोष? ग्रीनवुड आणि वुड्स यांना हे माहीत होतं. निव्वळ योगायोगाशीही त्यांनी आकडे ताडून पाहिले, आणि सगळ्यांचा धोका सारखा नाही हे गृहीतक जास्त जुळतं असं सांगितलं. पुढच्या लोकांनी हिशेब सोडला, शिक्का तेवढा ठेवला. शिवाय नवख्या हेल्परला सगळ्यात वाईट प्रेसवर उभं केलं, तर अपघात त्याच्या स्वभावात शोधायचे की मशीनमध्ये?

(दृश्य : स्वारगेट. सकाळची गर्दी.)

२५ जानेवारी २०१२. एसटीचा एक चालक बस घेऊन इथून सुटला आणि शहरात ९ माणसं मेली. चालकांची मानसिक तपासणी करा, असं तेव्हा सगळेच म्हणाले. खटल्यात एक बारीक गोष्टही नोंदली गेली : त्याने रात्रीची ड्युटी बदलून मागितली होती, ती मिळाली नव्हती. गुन्हा त्यामुळे कमी होत नाही. पण भरतीच्या दिवशी घेतलेली परीक्षा त्या सकाळबद्दल काहीही सांगत नाही.

म्हणून कारखान्याचीच परीक्षा घ्यायची, अशी दुसरी वाट निघाली. १९८० साली डॉव्ह झोहर यांनी इस्राएलच्या २० कारखान्यांत ४० प्रश्नांची प्रश्नावली फिरवली. साहेबांना सुरक्षेचं खरंच पडलंय का? घाईच्या वेळी नियम टिकतो का? कामगाराला काय वाटतं त्यावरून त्या कारखान्यातलं वातावरण मोजायचं. सुरक्षा किती गंभीरपणे घेतली जाते, हे व्यवस्थापनाच्या वागण्याशी बांधलेलं निघालं.

ही प्रश्नावली आपल्याकडे येते तेव्हा तिची भाषा बघण्यासारखी असते. ‘मी माझ्या वरिष्ठांशी सुरक्षाविषयक बाबींवर मोकळेपणाने संवाद साधू शकतो.’ समोर लातूरचा नाहीतर बिहारचा कंत्राटी मुलगा, कागदावर वर नाव आणि टोकन नंबर, बाजूला एचआरच्या मॅडम उभ्या. तो सगळीकडे ‘पूर्ण सहमत’ करतो आणि लाइनवर जातो. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. नाव काढा, मॅडमना बाहेर पाठवा आणि विचारा, ‘टार्गेट राहिलं असेल तर सेन्सर बंद करायला कोण सांगतं?’ मग कागद बोलायला लागतो.

(दृश्य : रात्रीचे बारा. गेटबाहेर दुचाक्या.)

एक चाचणी फक्त दहा मिनिटांची आहे. पडद्यावर मध्येच आकडा उमटतो, दिसताच बटण दाबायचं. अर्ध्या सेकंदाहून उशीर झाला की ती चूक धरतात. झोप अपुरी पडली की ते ही चाचणी दाखवते. १९९७ साली डॉसन आणि रीड यांनी जागरणाची दारूशी तुलना केली. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा वागतो. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे ०.०३.

हा ऑपरेटर साडेपाचला उठला, सातला फर्स्ट शिफ्टला आला. सेकंडचा माणूस आला नाही म्हणून त्याने डबल मारली. साडेअठरा तास झाले. आता तो हेल्मेट घालतोय, चिखलीला घरी जायचंय. वाटेत नाकाबंदी लागली आणि पोलिसांनी तोंडापुढे नळी धरली, तर मशीनवर येईल शून्य.